विसाव्या मिनिटाला

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. तारेतून आलेले इंटरनेट घरभर पोचवणे हे माझे काम. डोक्यावर दोन शिंगे, पोटावर चार दिवे, एवढेच माझे रूप. पॅराग्वेमधल्या इतागुआ गावात, इलारिओ आजोबांच्या बैठकीत माझे आयुष्य गेले. त्यातले तीन महिने मी या घराचे भूत होतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातले मला काही आठवत नाही. आठवते ती देइदामिया आजी, इलारिओ आजोबांची बायको. त्यांची एकुलती एक मुलगी सुनिल्दा आईचे न ऐकता स्पेनला म्हाताऱ्यांची सेवा करायला निघून गेली, म्हणून मला या घरात आणले. पण आजी भलतीच हट्टी. मुलीचा फोन आला की ती स्वयंपाकघरात जाई आणि मला वेळ नाही म्हणावं तिला, असे मुद्दाम मोठ्याने म्हणे. मग दाराआड उभी राहून शेवटपर्यंत ऐके. हे आजोबांना ठाऊक नव्हते. मला होते.

माझ्यावर तांबडी धूळ बसते हे पाहून आजीने माझ्यासाठी न्यांदुती विणायला घेतली. न्यांदुती म्हणजे आमच्या गावची कोळ्याच्या जाळ्यासारखी वीण. चार महिने ती माझ्याशेजारी बसून विणत होती. तिने खाली जाड अस्तर लावले, खळ देऊन ती कडक केली आणि मला पार पायापर्यंत झाकून टाकले. "पोरीचा आवाज यातून येतो. यात धूळ जायला नको," असे ती पुटपुटली. तेव्हा घरात कुणी नव्हते.

त्याच हिवाळ्यात आजी गेली. सुनिल्दाचे कागदपत्र अडकले होते, ती आईच्या मातीला येऊ शकली नाही.

ऊन तापायला लागले आणि माझे दुखणे सुरू झाले. दर रविवारी जेवणे झाली की आजोबा टॅब लावून मुलीशी बोलायला बसत. आधी हवापाणी, मग तब्येत, मग शेजारीपाजारी. तोवर मला वाटू लागे की वरून कुणीतरी हात ठेवला आहे. तो हात जड होत जाई, गरम होत जाई. खळीचा वास दाटून येई. सुनिल्दा आईचा विषय काढी आणि नेमकी तेव्हाच, विसाव्या मिनिटाला, माझी शुद्ध हरपे. भानावर येई तेव्हा माझा लाल दिवा पेटलेला असे आणि आजोबा भिंतीवरच्या आजीच्या फोटोकडे बघत असत. खरे सांगतो, मलाही भीती वाटायची.

शेजारच्या पोर्फिरिया मावशींनी निदान करून टाकले. ही देइदामियाच. जिवंतपणी मुलीशी बोलली नाही, आता दुसऱ्याला तरी कशी बोलू देईल? त्यांनी माझ्याशेजारी एक मेणबत्ती लावली. आधीच मी उकडून निघत होतो, त्यात ती भर.

दोनदा दुरुस्तीची माणसे येऊन गेली. पण माणूस फाटकात दिसला की आजोबा न्यांदुती हलकेच उचलून, घडी घालून कपाटात ठेवत. आजीच्या कामाला कुणाचे तेलकट हात लागायला नकोत. मग मी मोकळाच. ती माणसे मला बंद करून चालू करत, तार बदलत, गल्लीतला खांब तपासत. मी ठणठणीत. ती गेली की न्यांदुती परत माझ्या डोक्यावर. ओरडून सांगावेसे वाटे, पण राउटरला दिवे असतात, तोंड नसते.

डिसेंबरातल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका रविवारी सुनिल्दा म्हणाली, "बाबा, आईला नकोय ना मी बोललेलं? मग राहू दे. पुढच्या रविवारी तुटला, तर मी परत फोन लावणार नाही." आजोबांनी उत्तराला तोंड उघडले आणि फोन तुटला. त्या संध्याकाळी त्यांनी आपल्या वाटचा चिपा, आमच्याकडचा चीजचा पाव, कोंबड्यांना घातला.

शनिवारी तिसरा माणूस आला. देर्लिस नाव, पोट सुटलेला, बोलघेवडा. त्यालाही मी ठणठणीतच दिसलो. पण बाहेर ऊन मी म्हणत होते, आणि दुपारच्या झोपेच्या वेळी आमच्याकडे आल्या माणसाला उन्हात काढत नाहीत. आजोबांनी गारेगार तेरेरेचा, म्हणजे बर्फाच्या पाण्यातल्या पाल्याच्या काढ्याचा, पेला भरला. काम झाले असे समजून न्यांदुती माझ्यावर घातली. दोघे एकाच नळीने आळीपाळीने पीत बसले. देर्लिसने मोबाइलवर फुटबॉलचा सामना लावला होता. विसाव्या मिनिटाला सामना थांबला.

देर्लिस उठला. त्याने न्यांदुतीवर तळहात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"आजोबा, याला ही टोपी कुणी घातली? ताप चढलाय याला."

"माझ्या बायकोनं विणलीय ती."

"छानच आहे. पण हिच्याखाली तुम्हाला बसवलं तर तुम्हीपण चक्कर येऊन पडाल."

आजोबांनी न्यांदुती उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "म्हणजे ती नव्हती." मला वाटले होते त्यांना आनंद होईल. तो झाला नाही.

रविवारी मी उघडा होतो. वीस मिनिटे झाली, एकवीस झाली. आजोबांनी न्यांदुती टॅबसमोर धरली आणि सगळा दोष हिचा होता म्हणून सांगितले. सुनिल्दा पुढे वाकली.

"बाबा, कडेला पेरूची फुलं आहेत का?"

"आहेत की. चारी बाजूंनी."

सुनिल्दाने चेहरा हातांत लपवला. पेरूची फुले आजी फक्त तिच्या फ्रॉकवर विणायची, दुसऱ्या कुणासाठी कधी नाही. दाराआडची गोष्ट मी सांगू शकलो नाही, ती फुलांनी सांगितली. त्या दिवशी फोन पावणेदोन तास चालला. बाप-लेक पोटभर रडले.

मित्रांनो, यंत्रांनाही वारा लागतो. आम्हाला प्रेमाने पुसा, पण झाकून कोंडू नका. एवढे सांगून मी थांबायला हवे. पण खोटे कशाला बोलू? आताही दर रविवारी मुलीचा फोन झाला की आजोबा कपाटातून न्यांदुती काढतात आणि माझ्यावर घालतात. टॅबवर आजीची आवडती मालिका लावतात आणि खुर्ची ओढून बसतात. याने माझे आयुष्य कमी होते आहे, पण माझी तक्रार नाही. हळूहळू मी तापतो. खळीचा वास येतो. तो जड हात माझ्यावर टेकतो. विसाव्या मिनिटाला चित्र थांबते, माझा लाल दिवा पेटतो, आणि आजोबा म्हणतात,

"आलीस? बस जरा. सुनी बरी आहे."