तेवीस तुकड्यांचा धवला

शनिवारी दुपारी चार वाजून बावन्न मिनिटांनी पनवेलमधल्या एका शाळेच्या संगणक कक्षातून चित्रकथा स्पर्धेसाठी तेवीस चित्रफिती रवाना झाल्या. नियमाप्रमाणे एकच पाठवायची होती. मुदत पाच वाजेपर्यंत होती. साल २०१२, महिना फेब्रुवारी.

पाठवणारी मोनाली घरत, इयत्ता नववी. जिंकणाऱ्या विद्यार्थ्याला पुण्यात आठ दिवस चित्रपट शिकायला मिळणार होते, आणि मोनालीला पुण्याला जायचेच होते. विषय तिने घरातलाच घेतला: तिची भामाआत्या. भामाआत्या धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात विधींबरोबर धवल्याची गाणी म्हणणारी बाई. चुलत बहीण मनस्वीच्या लग्नात मोनालीने तिचा धवला मोबाइलवर टिपला. अकरा मिनिटे भरला.

फोटो आणि आवाज जोडून चित्रफीत बनवून देणारे एक फुकट संकेतस्थळ संगणकाचे शिक्षक दिनानाथ सावंत यांनी शोधले होते. फुकटात मात्र तीसच सेकंदांची चित्रफीत मिळायची, हव्या तितक्या वेळा. लांब हवी तर क्रेडिट कार्ड.

"सर, तुमच्याकडे आहे?" मोनालीने विचारले.

"माझ्याकडे वाचनालयाचं कार्ड आहे."

मग तुकडे करायचे ठरले. त्याला भामाआत्या तयार होईना. धवला मध्येच तोडला तर नवरीला बाधतो, असे तिचे म्हणणे. शेवटी एक अट घालून ती मानली: जिथे तिने श्वास घेतला, तिथेच कापायचे. गुरुवारी दुपारी ती स्वतः संगणक कक्षात येऊन बसली.

"हितं श्वास. काप. हितं नाय, थांब. आता काप."

सतरा तुकडे सुरळीत झाले. अठरावे कडवे एका श्वासाचे, चौतीस सेकंदांचे निघाले.

"चारच सेकंद जास्त आहेत, मावशी," सावंत सर म्हणाले.

"चार सेकंदांत अक्षता पडतात, मास्तर."

"मग तेवढं कडवं पुन्हा म्हणा. जरा भरभर."

"नवरीशिवाय? मनस्वी गेली उरणला सासरी. तिला परत हळद लावू काय?"

मोनालीला हसू आवरेना. आत्याने डोळे वटारले तशी ती पुढचा तुकडा कापू लागली. उरलेले पाच तुकडे कापून झाल्यावर आत्या उठली.

"शनिवारी गावातल्या निकेशचं लगीन हाय. मोबाइल घेऊन ये. पन मी घाई करनार नाय, सांगून ठेवते."

शनिवारी दुपारी मांडवात मोनाली आत्याच्या समोरच बसली, नजर मोबाइलमधल्या घड्याळावर. कडवे संपले तेव्हा एकोणतीस सेकंद झाले होते.

"आत्या, घाई केलीस!"

"मी कशाला करीन? तो बँडवाला मागं लागलेला."

बँड तोपर्यंत आलेला नव्हता.

मोनाली जेवायला थांबली नाही. रिक्षाने शाळेत पोहोचली. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली असूनही सरांनी कक्ष उघडा ठेवला होता. अठरावी चित्रफीत तयार करून तिने तेवीसही पाठवल्या. सगळे शांतपणे ऐकून पाहायला वेळ उरला नव्हता.

सोमवारी सकाळी अकराला आयोजकांचे ईमेल आले. त्यात दोन प्रश्न होते. तेवीसपैकी तुमची प्रवेशिका कोणती? आणि सगळीकडे नवरीचे नाव मनस्वी असताना अठराव्या भागात कोमल कशी?

निकेशच्या बायकोचे नाव कोमल.

पहिल्या प्रश्नाला सरांनी लिहिले, "सगळ्या मिळून एकच आहे. क्रमाने, न थांबता पाहावी." दुसऱ्यासाठी मोनालीने घरी फोन लावला.

"मग?" आत्या पलीकडून ओरडली. "कोमलच्या लग्नात मनस्वीचं नाव घेऊ?"

"आता सरांना काय लिहायला सांगू?"

"हेच सांग. खोटं हाय काय त्यात?"

सरांनी आत्याचे वाक्य जसेच्या तसे टाइप करून पाठवून दिले.

संकेतस्थळावरच्या मोजणीनुसार बुधवारी दुपारी साडेतीनपर्यंत पहिली चित्रफीत एकतीस जणांनी उघडली होती, तेविसावी सहा जणांनी. अठरावी मात्र सत्तेचाळीस जणांनी. त्यात परीक्षक किती, ते कळत नाही. आयोजकांचे उत्तर अद्याप आलेले नाही.