चंपीला हलवली नाय

आमच्या जनावरांच्या शेल्टरकडे गाडी एकच, आणि ती चालवणारा मी, सुशांत. महाड आणि पोलादपूर असे दोन तालुके सांभाळायचे. नकाशावर बोटभर दिसतात; एकदा गाडी घेऊन फिरा, मग कळेल. हे मी आम्रपालीताईंना शंभरदा सांगितलंय. शेल्टर त्यांचं, पण त्यांचा खरा जीव शाळांमध्ये.

ताई तक्ता घेऊन शाळाशाळांतून जातात. जनावराला दगड मारू नये, शेपटीला डबे बांधू नयेत, उन्हाळ्यात पाणी ठेवावं. शेवटी पोरांकडून घोकून घेतात: जखमी जनावर दिसलं की हलवायचं नाही, सावली करायची, ताईंना फोन करायचा. मणका दुखावला असेल तर उचलाउचलीत तो आणखी बिघडतो, म्हणून. नियम बरोबरच आहे. ताई तो मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये शिकल्या, आणि तिथं फोन केला की गाडी येते.

शिवथर खोऱ्यातल्या एका वाडीच्या शाळेत चंपी नावाची कुत्री होती. आधी हीच पोरं तिला ढेकळं मारायची. ताईंचा कार्यक्रम झाला आणि पोरं आपल्या खिचडीतला घास तिच्यासाठी काढायला लागली. चौथीतली अंकिता त्यांची पुढारी. खोटं कशाला बोलू, ते बघून मलाही बरं वाटलं होतं.

त्या शनिवारी शाळा सकाळची होती, दुपारी बाई एसटीने घरी गेल्या होत्या. आम्ही पोलादपूरजवळ हायवेला. ट्रकने उडवलेली कालवड, डॉक्टर तिचा पाय बांधत होते, मी सलाईनची बाटली धरून उभा. ताईंचा फोन वाजला. अंकिता आपल्या आजीच्या, बनुबाईंच्या फोनवरून बोलत होती. रेंजसाठी शाळेमागच्या टेकाडावर चढली होती, धापा टाकत होती.

"ताई, चंपीला गाडीनं ठोकली. लय रगत येतंय."

"हलवू नका हं बाळा. सावली करा. आम्ही निघालोच."

निघालोच! आपल्याकडे सगळेच म्हणतात. जेवणाच्या ताटावरून म्हणतात, आंघोळीच्या आधी म्हणतात. ऐकणाऱ्यालाही कळतं की अजून घरातच आहे. पण ते मोठ्या माणसाला कळतं.

मी ताईंकडे बघितलं.

"मग काय सांगू तिला? येत नाही म्हणून सांगू?" त्या माझ्यावरच खेकसल्या.

बिरवाडीच्या कार्यकर्त्याला फोन लावला, तो लग्नाला गेलेला. बनुबाईंच्या नंबरवर उलट लावला, तो लागेना. कालवडीला गाडीत चढवायला चार माणसं हवी होती, ती जमवेपर्यंत तासभर गेला. शेवटी कालवड मागे घेऊनच आम्ही तसेच खोऱ्याकडे निघालो. खड्डा आला की ती हंबरायची आणि ताई डोळे मिटून घ्यायच्या.

वाडीच्या अलीकडे दुधाच्या टेम्पोवाला भरत भेटला. महाडला दूध टाकून परत येत होता. त्याने गाडी आडवी घातली.

"आता येताय? मी जाताना म्हटलं, टाका टेम्पोत, म्हाडला डॉक्टरकडं सोडतो. पोरं हात लावू देत नाय. ताई निघाल्यात, म्हनाली. मी म्हटलं, निघाल्यात तर पोचतीलच."

ताईंनी मला हातानेच गाडी पुढे काढायला सांगितली.

चंपी रस्त्याच्या कडेला पडली होती, तिथेच होती. पोरांनी सागाच्या फांद्या तोडून भोवती रोवल्या होत्या, वर कुणाची तरी ओढणी. पोरं गोल करून बसलेली. बनुबाई दगडावर बसल्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. "गेली गो बाय, मघाशीच."

अंकिता उठून उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज शाळेत उत्तर देतानाचा.

"ताई, आमी हलवली नाय. भरतकाका उचलत होता, आमी नाय उचलू दिली. ओंकार तर टेम्पोच्या पुढं आडवा झोपला."

पहिलीतला ओंकार ताईंकडे बघत होता. त्याला शाबासकी हवी होती.

ताई खाली बसल्या. चंपीच्या पाठीवरून सावकाश बोटं फिरवली. इतकी वर्षं बघतोय, मलाही कळलं. मणका शाबूत होता. मांडीची शीर तुटली होती. फडकं घट्ट बांधून त्या टेम्पोत टाकली असती तर बहुतेक वाचली असती. हे ताईंना कळलं, मला कळलं, आणि आम्हा दोघांनाही ते तोंडातून काढता येईना. राग कुणावर काढावा तेही कळेना. नियम चुकीचा नव्हता, पोरं तर अजिबात चुकली नव्हती.

ताईंनी ओंकारला जवळ ओढलं.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळं बरोबर केलंत."

दुसरं काय म्हणणार? खरं सांगितलं असतं तर चंपीला आपणच मारली, हे पोरांच्या डोक्यात जन्मभर राहिलं असतं.

अंकिताने चंपीकडे बघितलं, मग ताईंकडे.

"ताई, आमी सगळं बरोबर केलं, मग चंपी मेली कशी?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी गाडीकडे बघितलं. मागे कालवड पुन्हा हंबरली. पोरं जागची हलली नाहीत. दुपारभर आमची वाट बघितली होती, तशीच आता उत्तराची बघत बसली.