उपाशी सासू

आनंदीबाई खाली बसल्या की त्यांना उठवायला दोन माणसं लागायची, आणि याचं कशेळ्यात कुणालाच वाईट वाटत नव्हतं. उलट खात्यापित्या घरची बाई म्हणून लोक त्यांच्याकडे कौतुकानं बघायचे. लढाईचे दिवस, मुंबईत धान्याला रांगा. अशा काळात अंगावर मांस असणं म्हणजे घराची अब्रूच होती. गुडघे मात्र या कौतुकाला भुलेनात. शिमगा झाल्यावर मुलगा सहदेव त्यांना बैलगाडीत घालून कर्जतच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, औषध नको, वजन उतरवा. भात अर्धा करा, भाज्या-कडधान्यं वाढवा, रोज चाला, आणि घाई करू नका.

डॉक्टर बोलून मोकळे झाले. निभावलं ते सुनेनं, जिजानं. तिनं सासूचा भात कमी केला, पण उपास एकही करू दिला नाही. नाचणीची भाकरी, वालाची उसळ, शेवग्याचा पाला, वाटीभर ताक. तळण फक्त सणाला. पहिले काही दिवस आनंदीबाई ताटाकडे बघून चक्क रडल्या. त्यात ते चालणं. दोघी सकाळी गावाबाहेरच्या म्हसोबापर्यंत जायच्या, आणि जो भेटेल तो विचारायचा, काय हरवलंय का? बाई कामाशिवाय चालते हे कुणाच्या डोक्यातच शिरत नव्हतं. शेवटी आनंदीबाई रिकामी टोपली काखेत मारून निघू लागल्या.

हळूहळू अंग उतरलं. लावणीला त्या सगळ्यांच्या बरोबरीनं चिखलात वाकल्या, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. गावाला मात्र वेगळंच दिसलं. बाई वाळली. एवढं भाताचं शेत असून सासूला नाचणी घालते, ही सून कसली? आनंदीबाईंनी ज्याला त्याला खरं काय ते सांगून पाहिलं. त्या जितकं सांगत, तितक्या बायका उसासे टाकत, की बिचारी सुनेवर पांघरूण घालते.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण जिजाची धाकटी बहीण बायजा हिचं गावातल्याच इंदूबाईंच्या मुलाशी जमत आलं होतं, आणि इंदूबाईंनी बोलणी थांबवली. थोरली सासूला उपाशी ठेवते, मग धाकटी काय करील, असं त्या पाणवठ्यावर चारचौघींत म्हणाल्या.

त्या दुपारी जिजानं सासूच्या ताटात भाताचा ढीग वाढला, वर तुपाची धार सोडली.

"जेवा, आत्याबाई. पयल्यासारख्या व्हा. माझ्या भनीचं लगीन मोडतंय."

तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि तोच आनंदीबाईंच्या जिव्हारी लागला. जेवावं तर गुडघे जातील, न जेवावं तर एका पोरीचं लग्न जाईल. हा कसला न्याय? त्यांना साऱ्या गावाचा संताप आला. ताटाला हात लावण्याआधी त्यांनी अर्धा भात परत पातेल्यात काढला आणि उरलेला जेवल्या.

गौरी आल्या. पूजेच्या दिवशी दुपारी पाटलांच्या ओटीवर बायका जमल्या, फुगड्या रंगल्या. आनंदीबाईंना सगळ्यांनी मायेनं भिंतीशी बसवलं. इथं तरी पोटभर खा, म्हणत कुणी त्यांच्यापुढे घावनांची ताटली सरकवली. त्यांनी ती बाजूला ठेवली. कुणाचा हात न धरता त्या उठल्या, पदर खोचला आणि थेट इंदूबाईंसमोर जाऊन दोन्ही हात पुढे केले.

"ये गं इंदू. उपाशी बाईसंगं फुगडी घाल."

एवढ्या बायकांत नाही म्हणायची सोय नव्हती. फुगडी सुरू झाली. आता म्हातारी पडते की काय, म्हणून आधी सगळ्यांनी श्वास रोखले. मग टाळ्या पडू लागल्या, वेग वाढला. वयानं लहान असून इंदूबाईंचाच अंबाडा सुटला. त्यांना धाप लागली, पुरे पुरे म्हणत त्या पायरीवर बसल्या. आनंदीबाई समोर उभ्याच होत्या. त्यांचा हात इंदूबाईंनी अजून सोडला नव्हता. तो घट्ट हात त्या जरा वेळ चाचपत राहिल्या.

मग इंदूबाईंनी दाराशी आखडून उभ्या असलेल्या जिजाला जवळ बोलावलं.

"तुझ्या भनीला नाचनीची भाकरी जमते का गं?"

जिजानं मान डोलावली.

"मंग येऊ दे तिला. मलाबी असंच उपाशी ठेव म्हनावं."