चार कोरी पानं

"दोन कोवळी, देठासकट," असं म्हणत काशीरामने जयवंतने तोंड उघडायच्या आत ओल्या फडक्याखालून पानं काढलीसुद्धा. "खोकला छातीत उतरलाय ना पोराच्या?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझे डोळे बघ आरशात. तीन दिवस झोप नाय तुला. आणि विडा खाणारा माणूस आधी चुन्याच्या डबीकडे बघतो, तू टोपलीकडे बघितलंस." त्याने पानं जयवंतच्या हातावर ठेवली. "एरंडेल लाव, दिव्यावर कोमट कर, छातीवर ठेव. आधी आपल्या गालाला लावून बघ, चटका नको बसायला. आणि डॉक्टरचं औषध सोडू नको. नाव काय ठेवलंत?"

"चंद्रप्रकाश."

"अरे बापरे. एवढं मोठं नाव त्या एवढ्याशा छातीवर ठेवलंत, मग घरघरेल नायतर काय?"

जयवंत हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा.

अंधेरीला, कुर्ल्याचा रस्ता सुरू होतो तिथे काशीराम चुरीची पानाची गादी होती. वीस वर्षांत त्याने एकाही गिऱ्हाइकाला "काय देऊ?" असं विचारलं नव्हतं. त्याचा त्याला गर्व होता आणि तो लपवायच्या भानगडीत तो कधी पडला नाही. विडा खाणारे ओळखणं त्याच्या मते कोणालाही जमेल. त्याला खरी गोडी होती ती कोरं पान नेणाऱ्यांची. केळव्याच्या पानमळ्यात त्याची आई अर्ध्या गावाची दुखणी पानांवर निभावून न्यायची, ते सगळं त्याने उचललं होतं. पोट धरून आलेल्याला तो पानात ओवा नि सैंधव घालून द्यायचा. डोकं दुखणाऱ्याला कानशिलावर चिकटवायला पान, गळू झालेल्याला तूप माखून, आणि तान्ह्या मुलाला दोन दिवस शी झाली नाही की नुसता देठ, तेलात बुडवून. विकायचा विडा तो समोरच्या फळीवर ठेवायचा. औषधाचं पान मात्र माणसाच्या हातावर. हा त्याचा नेम होता.

चंद्रप्रकाशचा खोकला गेला. मग देठ झाला, एकदा पडसं झालं, दात येताना पोट बिघडलं. मूल काशीरामने एकदाही पाहिलं नव्हतं, पण पानांवरून त्याला ते अंगाखांद्यावर खेळवल्यासारखं ठाऊक होतं. स्वतःला मूलबाळ नव्हतं. रोज टोपली लावताना दोन कोवळी पानं तो बाजूला ठेवायचा आणि घरी बायको, वनमाला, विचारायची, "काय म्हणतो तुमचा चंद्रप्रकाश?"

१९५४ साली, गणपती उठून आठवडा झाला असेल, जयवंत भर दुपारी आला. कारखान्याची वेळ असताना, आणि अनवाणी.

"चार पानं द्या," तो म्हणाला. "मोठी. कोरी."

आज गिऱ्हाईक आधी बोललं, याचं काशीरामला जरासं वाईटच वाटलं. त्याने रुंद, जून पानं निवडली. "तेल लावायचंय?"

"नको. गरम करून बांधायचीत आमच्या हिला. प्रेमाला. माणिकमावशींनी सांगितलंय."

बाईच्या छातीला अशी पानं कशासाठी बांधतात ते काशीरामला आईमुळे माहीत होतं. अंगावरचं दूध आटायला. त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे दूध तोडलं म्हण की पोराचं. दहा महिन्यांत? लवकर तोडलंत, पण हरकत नाय. वरणभात खातो ना?"

जयवंतचे ओठ हलले, पण शब्द आला नाही.

"बोलू नको, दृष्ट लागेल. थांब." काशीरामने एक देखणं पान घेतलं, गुलकंद घातला, बडीशेप घातली, घडी घालून लवंग टोचली. विडा फळीवर ठेवायचा, पण हा त्याने हातात दिला. "प्रेमाला दे. चंद्रप्रकाश मोठा झाल्याचा. माझ्याकडून."

जयवंत चार पानं आणि विडा घेऊन गेला. चपला तुटल्या असतील, असं काशीरामच्या मनात आलं.

संध्याकाळी माणिकमावशी तंबाखूला आल्या. त्या जयवंतच्या चाळीतल्या, अगदी शेजारच्या खोलीतल्या. फळीला हात टेकून त्या पुढे वाकल्या.

"काशीराम, सुतकाच्या घरात विडा पाठवलास तू?"

"सुतक? कोणाचं?"

"अरे, लेकरू काल पहाटे गेलं. एका दिवसाचे जुलाब नि उलट्या. डॉक्टरनी सुई दिली, काय उपयोग झाला नाय. आणि आईचं दूध थांबेना. ताठून ताप भरलाय तिला, म्हणून पानं सांगितली मी."

काशीरामने गादी तेव्हाच बंद केली. त्याला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. कामाची वेळ, अनवाणी पाय, न निघालेला शब्द, सगळं त्याने पाहिलं होतं आणि एकही गोष्ट त्याला दिसली नव्हती.

"जाऊन माफी मागा," वनमाला म्हणाली.

तो दोनदा चाळीच्या नळापर्यंत जाऊन परत आला. जयवंतने येऊन चार शिव्या घालाव्यात, असं त्याला वाटायचं. पण जयवंत कामावर जाता-येता समोरच्या कडेने जायचा आणि इकडे बघायचा नाही. तो पुन्हा कधी या गादीवर येईल, ही आशा काशीरामने हळूहळू सोडली. गिऱ्हाइकांचे चेहरे वाचतानाही आता त्याचा हात अडखळू लागला. एकाला तंबाखूऐवजी गोड पान गेलं.

पंधराएक दिवसांनी, संध्याकाळी, जयवंत रस्ता ओलांडून आला.

"जयवंता, त्या दिवशी मी..."

"मला सांगताच आलं नाय, काशीरामभाऊ." तो खाली बघत बोलत होता. "तुम्ही इतके खूश झालात. वरणभात खातो का विचारलंत. तेवढा वेळ पोरगं मोठं झालं माझं. मग म्हटलं, असू दे."

काशीरामने हातातलं पान फडक्यावर ठेवलं.

"विडा घरात ठेवता येईना. परत तरी कसा आणायचा? तुम्ही त्याच्या नावानं दिलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुरलं तिथं दूध घालायला गेलो, तेव्हा ठेवला. त्याचाच होता तो."

"प्रेमा कशी आहे?"

"उतरला ताप. पानांनी बरं वाटलं म्हणाली."

काशीरामचा हात सवयीने ओल्या फडक्याखाली गेला, कोवळ्या पानांकडे. तिथून त्याने तो मागे घेतला, धोतराला पुसला.

"काय देऊ?" त्याने विचारलं.

जयवंतने जरा विचार केला. "काय नको. बसतो जरा."

काशीरामने टोपली उचलून मांडीवर घेतली आणि त्याला फळीवर जागा करून दिली.