साठ टक्के मिळाल्यास

१९९६च्या एप्रिलमध्ये बारामतीच्या कॉलेजात मैत्रिणींनी मला निरोप दिला. मी एफ. वाय. बी. एस्सी.ला होते, परीक्षा नुकतीच संपली होती आणि दुसऱ्या वर्षाला मी पुण्याला जाणार होते. म्हणजे असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

पुण्याच्या एका कॉलेजाला मी जानेवारीत अर्ज केला होता. त्यांचं उत्तर आलं : 'प्रथम वर्षास किमान साठ टक्के गुण मिळाल्यास द्वितीय वर्षाच्या प्रवेशाचा विचार करण्यात येईल.' हे पत्र मी आमच्या गावात, निरवांगीत, घरोघर वाचून दाखवलं. 'द्वितीय वर्षाच्या प्रवेशाचा' हे शब्द खणखणीत आवाजात. 'मिळाल्यास'ला मला दर वेळी खोकला यायचा.

आमच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती. तात्या, म्हणजे माझे वडील, वालचंदनगरला कारखान्यात फिटर. पत्र नीट ऐकलं ते त्यांनी एकट्यानंच.

"साठ टक्क्याचं काय म्हणत्यात?"

"ती फॉर्मॅलिटी असते, तात्या."

"म्हंजे?"

"म्हणजे नुसतं लिहायचं असतं."

"नुसतंच आसंल तर लिवत्यात कशाला?"

मी हसले. फार शिकलेलं माणूस हसतं तशी.

मग मी पुण्याची तयारी सुरू केली. अभ्यासाची नव्हे, बोलण्याची. घरात 'हाय', 'न्हाय' सोडून 'आहे', 'नाही' बोलू लागले. "आई, मीठ कमी आहे," म्हटलं की आई म्हणायची, "पाव्हणीवानी बोलू नगंस. हात लांब कर आन् घे मीठ."

निरोपाच्या दिवशी सुकन्यानं कॅंटीनमध्ये सगळ्यांना वडापाव दिला. ती अंथुर्ण्याची, वर्षभर प्रॅक्टिकलला आम्ही दोघी एका टेबलावर. मी उठून भाषण केलं. "या छोट्याशा जगानं मला खूप काही दिलं," असं एक वाक्य त्यात होतं. छोटंसं जग समोर बसून वडापाव खात होतं. मग मी माझा एप्रन सुकन्याला भेट दिला आणि म्हणाले, "आठवण म्हणून ठेव." ती रडली. मलाही रडू आलं. स्वतःचं भाषण ऐकून.

जूनमध्ये निकाल लागला. सहाशेपैकी तीनशे बावन्न. साठ टक्क्यांना आठ कमी.

फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, सगळं ठीक होतं. मराठीत एकेचाळीस. पहिल्या प्रश्नाला दहा ओळींत उत्तर मागितलं होतं. मी पुणेरी मराठीत तीन पानं लिहिली होती, आणि शेवटचे दोन प्रश्न लिहायला वेळच उरला नव्हता.

घरी मी उंबऱ्यातच बसून रडायला लागले. तानूआत्या धावत आली. "नापास झालीस व्हय?"

"पास झाले."

"मग रडती कशाला, येडे?" असं म्हणून तिनं गल्लीत साखर वाटली. ज्यानं त्यानं येऊन विचारलं, "पुण्याला कधी निघालीस?" तोंडात साखर असलेल्या माणसाला काय सांगणार?

मंगळवारी तात्यांना घेऊन मी पुण्याला गेले. आठ गुणांसाठी कोणी माणूस अडवणार नाही, अशी माझी खात्री होती. एस.टी.त पूर्ण रस्ताभर मी बोलायचं पाठ करत होते. ग्रामीण भाग, वीज जाणं, तीन तास प्रवास असं सगळं त्यात घेतलं होतं. वीज खरंच जायची. पण मी अभ्यासाला बसल्यावर नाही, कारण बसतच नव्हते.

कॉलेजच्या ऑफिसात खिडकीमागच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग माझंच पत्र हातात घेऊन त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. 'मिळाल्यास'ला त्यांना खोकला आला नाही.

"साठ म्हणजे साठ, बाळ," त्या म्हणाल्या.

मी तात्यांकडं पाहिलं. वाटलं, आता हे काही तरी बोलतील, हात जोडतील. तात्यांनी टोपी सारखी केली. "बराबर हाय, बाई. तुमी लिवलं हुतं. आमच्या पोरीनं वाचलं न्हाय."

परतीच्या गाडीत मी हडपसर मागं पडेपर्यंत त्यांच्याशी अबोला धरला. मग त्यांनीच विचारलं, "बारामतीचा फारम भराया कवापर्यंत मुदत हाय?"

"उद्यापर्यंत. पण तुम्हाला कामावर जायचंय ना?"

"दोन दिसांची रजा टाकलीया."

"दोन कशाला?"

"एक पुण्याची, एक बारामतीची," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

रजेचा अर्ज त्यांनी निघायच्या आधी दिला होता. पुण्यात काय होणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते सोबत आले. तोंडावर ओढणी घेऊन मी पुन्हा रडले. या वेळी भाषण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. कॉलेज सुरू झालं त्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेले, म्हणजे कोणी बघणार नाही. उशिरा आलेल्याकडं सगळा वर्ग वळून बघतो, हे डोक्यात आलं नाही. सुकन्या बाकावर सरकली. तिच्या अंगात माझा एप्रन होता. खिशावरचं माझं नाव उसवून तिनं आपलं घातलं होतं. परत मागायची माझी छाती झाली नाही. नवा शिवून घेतला.

प्रॅक्टिकलला केमिस्ट्रीचे सर टेबलापाशी थांबले. ते मुळातच विसरभोळे.

"अरे, तू पुण्याला होतीस ना? कधी आलीस?"

"मंगळवारी, सर."

"कसं काय आहे तिकडचं कॉलेज?"

"चांगलं हाय, सर," मी म्हणाले. "खिडकी तर लई मोठी हाय."

सुकन्या खाली वाकली आणि परीक्षानळी हातात धरून हसत राहिली.