दीर्घ विश्रांतीची तार

वॉशिंग्टनच्या आमच्या हेरखात्याच्या कचेरीत 'ठार' हा शब्द टाइप करायला बंदी होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, कारण लिहायची तर तोच शब्द लिहावा लागला असता. परदेशातले कितीतरी पुढारी माझ्या टाइपरायटरखालून गेले. कुणाची 'प्रकृती बदलली', कुणाला 'बाजूला घेतलं'.

एकोणीसशे एकसष्ट साली विषुववृत्तावरच्या एका देशाचे पंतप्रधान अमेरिकन कंपन्यांच्या तांब्याच्या खाणी सरकारजमा करायला निघाले. आमचे प्रमुख हॅल्डेनसाहेब यांनी तिथल्या आपल्या माणसाला, डेल्बर्ट ओक्सला, तार सांगितली : 'पंतप्रधान थकलेले दिसतात. दीर्घ विश्रांतीची व्यवस्था करा.'

मी विचारलं, "साहेब, डेल्बर्टला कळेल ना?"

"शहाण्या माणसाला कळतं, व्हर्ना."

डेल्बर्ट नेब्रास्काचा, सरळ माणूस. असा माणूस आमच्याकडे भरती झालाच कसा, देव जाणे. त्यानं जाऊन पाहिलं, तर पंतप्रधान खरंच थकलेले. पाठीच्या दुखण्यानं धड बसवतही नव्हतं. त्यानं त्यांना बायकोसकट सहा आठवडे स्वित्झर्लंडच्या आरोग्यधामात पाठवलं. ते ताठ चालत परतले आणि खाणींबद्दल बोलणी करायला तयारही झाले.

डेल्बर्टची तार आली : 'विश्रांती दिली. तब्येत उत्तम.'

हॅल्डेनसाहेबांनी ती तीनदा वाचली आणि त्याला परत बोलावून घेतलं.

"तुला काय सांगितलं होतं?"

"विश्रांती द्यायला, साहेब."

"कसली विश्रांती?"

"दीर्घ. सहा आठवडे कमी पडले का?"

शिक्षा करायची तर चूक सांगायला हवी होती. शेवटी डेल्बर्टला नकाशांच्या खोलीत बसवलं आणि त्याच्या जागी एक समजूतदार माणूस धाडला. महिन्याभरात पंतप्रधानांची गाडी दरीत गेली.

बातमी वाचून डेल्बर्ट माझ्या टेबलाशी आला. "व्हर्ना, त्या तारेचा अर्थ हा होता?"

मी कागद सारखे करत राहिले.

"तुला ठाऊक होतं."

"मी फक्त टाइप करते."

नंतर तिथे आम्हाला हवा तो जनरल बसला. दोन वर्षांत त्यानं खाणी स्वतःच्या नावावर केल्या आणि तांबं रशियाला विकलं. आमच्या दप्तरी ही मोहीम 'यशस्वी' अशीच आहे.

पंचाहत्तर साली अशा मोहिमांवर सिनेटची चौकशी लागली. हॅल्डेनसाहेबांनी ती जुनी तार पुढे ठेवली आणि साक्षीला डेल्बर्टला बोलावलं.

"तुम्ही पंतप्रधानांना विश्रांतीसाठी पाठवलंत?" सिनेटरनं विचारलं.

"हो."

"वरच्या आदेशावरून?"

"हो, पण पुढे—"

"आभारी आहोत."

अहवालात आलं, की कचेरीला पंतप्रधानांच्या तब्येतीची काळजी होती. बाहेर साहेबांनी हात पुढे केला. "वाचवलंस बाबा आम्हाला." डेल्बर्टनं हात खिशातून काढला नाही.

मी त्याला माझ्या गाडीतून स्टेशनवर सोडायला निघाले. वाटेत तो म्हणाला, "पंतप्रधानांच्या बायकोचं दर नाताळात कार्ड येतं. अमेरिकेतला आमचा एकच मित्र, असं लिहिते."

"तू काय लिहितोस?"

"दरवर्षी बसतो लिहायला. पहिल्या ओळीपुढे जात नाही."

"सांग मला, मी टाइप करून देते."

"तू नको," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.