खंडेनवमीचं रेकॉर्डिंग

आमच्या घरात फाटकी वस्तू राहत नसे. वर्ध्याजवळ पिपरी मेघेत बाबांचं बिछायत केंद्र होतं, म्हणजे मांडव, गाद्या, खुर्च्या, भांडी आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा. लग्नाहून परत आलेली प्रत्येक कनात बाबा उन्हात धरून बघत. सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला तरी ती शिवायला जायची. गावात प्रभाकररावांच्या मालाला नाव होतं ते असं. पोटच्या पोराकडे मात्र त्यांनी कधी इतकं निरखून बघितलं नाही. हे मी त्यांची मुलगी म्हणून बोलते आणि मला त्याचा रागच होता.

माझा धाकटा भाऊ भूपेंद्र याला हेवी मेटलचं वेड लागलं होतं. वर्ध्यात, आणि तेही २००१ साली! इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलातून कॅसेटी आणायचा आणि दार लावून ऐकत बसायचा. आई दाराला कान लावून विचारायची, "रीता, हे गाऊन राह्यले का भांडून राह्यले वो?" बाबा काहीच विचारायचे नाहीत. त्यांच्या लेखी तो विषयच नव्हता.

बाबांकडे मांडव बांधणाऱ्या गोमाजींचा मुलगा नागेश हा भूपेंद्रचा जिवलग. त्यांच्या घरी गोंडी बोलत. नागेश लहानपणापासून ढोलावरच वाढलेला, त्यामुळे ड्रम त्याच्या हाताला परके वाटलेच नाहीत. दोघांनी बँड काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'बिछायत'. बाबांना वाटलं पोरं धंद्याची टिंगल करून राहिली आहेत. महिनाभर ते भूपेंद्रशी बोलले नाहीत. एरवीही फारसे बोलत नव्हतेच, त्यामुळे शिक्षा झाल्याचं त्याला उशिरा कळलं.

मग ती स्पीकरची पेटी आली. कारंज्याच्या एका लग्नात मांडव उतरवताना बल्ली, म्हणजे मांडवाचा वासा, निसटली आणि मोठ्या स्पीकरच्या कागदी पडद्यात घुसली. सीझनच्या धावपळीत पेटी दुरुस्तीवाचून गोदामाच्या कोपऱ्यात पडून राहिली. भूपेंद्रनं एक दिवस सहज तिला गिटार जोडली. मी तिथंच चादरी मोजत होते. जिनिंगमध्ये कापसाबरोबर दगड गेला की मशीन जशी ओरडते, तसा आवाज आला. मी दचकले, पण कान झाकावेसे वाटले नाहीत. भूपेंद्रचा चेहरा असा काही फुलला होता की मी इतक्या वर्षांत तो तसा पाहिलाच नव्हता. "ताई, हाच! हाच आवाज होता माह्या डोक्यात."

त्या आवाजावर त्यांनी गाणी बांधली, तीही आपल्या बोलीत. तोवर कॉलेजातले बँड बाहेरची इंग्रजी गाणी घोटून वाजवायचे. ही पोरं मात्र आपण घरी जसं बोलतो तसं गात होती. म्हणजे ओरडत होती. नागपूरला भजनांच्या कॅसेटी काढणाऱ्या ताराचंदनं ते ऐकलं आणि अल्बम करू म्हणाला. त्याच्या स्टुडिओत चांगल्यातलं चांगलं यंत्र जोडून पाहिलं, पण तिथं गिटार नुसतीच मोठी वाजायची. ओरडायची नाही. शेवटी ताराचंदच म्हणाला, "पेटी इथं आणली तरी गोदाम कुठून आणू? मैं ही आता हूँ." अष्टमीपर्यंत त्याला देवीच्या गाण्यांचं काम, पुढे दिवाळीची भजनं. मधले खंडेनवमी आणि दसरा हे दोनच दिवस मोकळे. ते गेले की अल्बम गेला.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा. त्याआधी आठवडाभर सगळं गोदाम उलटं व्हायचं. कढया घासायच्या, गाद्या शिवायच्या, कारण तुटकंफाटकं पूजेला मांडायचं नाही. आणि एकदा हळदकुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवसापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. पोरांनी हिशेब केला होता की आपली गिटार, ड्रम आणि ती पेटी काही पूजेत नसणार. कधीच नसायची.

सकाळी आम्ही गोदामात गेलो आणि जागीच थांबलो. कढया, कात्र्या, भोंगे यांच्या मधोमध पाटावर भूपेंद्रची गिटार ठेवलेली होती. तिच्यावर झेंडू, तारांना कुंकू. शेजारी नागेशचे ड्रम. मागं ती पेटी, पुसून लख्ख केलेली, आणि तिच्यात कोरा करकरीत पडदा. बाबांनी नागपूरहून माणूस बोलावून रातोरात बसवून घेतला होता.

"तुहं बी अवजारच हाय ना," बाबा भूपेंद्रकडे न बघता म्हणाले. "फाटकं कसं मांडू?"

भूपेंद्र खाली वाकला आणि त्यांच्या पाया पडला. मला त्या क्षणी दोघांचीही कीव आली. आयुष्यात पहिल्यांदा बापानं पोराचं काम देवापुढं मांडलं होतं, आणि मांडताना त्या कामाचा जीवच काढून घेतला होता.

ताराचंद दहाच्या गाडीनं कॉम्प्युटर घेऊन उतरला. भूपेंद्र त्याला बाजूला घेऊन सांगत होता, "राहू द्या. नाई करायचा अल्बम." नागेश भडकला, "काऊन नाई? बाबूजीले सांग ना बे!" भूपेंद्रनं त्याला हातानंच गप्प केलं. तो सांगणार नव्हता, मला ठाऊक होतं. अल्बम गेला तरी चालेल, पण पाटावरचा तो झेंडू त्याला हवा होता.

मला मात्र असला समजूतदारपणा जमत नाही. मी सरळ बाबांपुढं जाऊन उभी राहिले.

"बाबा, तुमी नवा पडदा बसवला ना, तं त्याचा आवाजच गेला. फाटका होता म्हणूनच तो वाजे."

"फाटकं कुठं वाजते काय?"

"याचं वाजे. याले तेच पाह्यजे होतं."

बाबा बराच वेळ पेटीकडे बघत राहिले. मग भूपेंद्रकडे. कनात उन्हात धरावी तसं, पहिल्यांदाच. "मले काऊन नाई सांगितलं?" भूपेंद्र मान खाली घालून म्हणाला, "तुमी फुलं वाह्यली होती, बाबा."

बाबांनी पाटावरची कात्री उचलली. आई मागून ओरडली, "अवो, पूजेतली हाय ते! उद्यापर्यंत हात नाई लावत!" त्यांनी ऐकलं नाही. पेटीपुढं मांडी घालून बसले आणि म्हणाले, "कुठून फाडू, दाखव." भूपेंद्रनं पडद्यावर बोट ठेवलं. उभा जन्म माल सांभाळत आलेल्या त्या माणसाच्या हातून कोऱ्या पडद्यात कात्री जाईना. डोळे मिटून त्यांनी एकदाची घुसवली. भूपेंद्रनं तार छेडली. नाही. बाबांनी थोडं वर कापलं, मान वर करून विचारलं, "आता?" नाही. पुन्हा कापलं. "आता?" मी एव्हाना रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. शेवटचं "आता?" विचारलं आणि गोदामाचे पत्रे हादरले. भूपेंद्र थांबलाच नाही, नागेशनं तिथूनच ठेका उचलला. बाबा कानांवर हात ठेवून बाहेर गेले आणि दारातच उभे राहिले.

'कोरडा जिल्हा' हा त्यांचा अल्बम पुढच्या उन्हाळ्यात आला. आधी हॉस्टेलांतून सीड्या कॉपी होत फिरल्या, मग पुणे, बंगलोर, पार गुवाहाटीपर्यंत गेल्या. आपल्या बोलीत असं गाता येतं हे कळल्यावर यवतमाळला, सोलापूरला, कोल्हापूरला पोरांनी बँड काढले. भूपेंद्रला त्यांची पत्रं येत. बाबांनी अल्बम ऐकला नाही. "मले नाई कळत," एवढंच म्हणायचे आणि सीडी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

२००४ला पुण्याच्या मोठ्या कार्यक्रमाला मी त्यांना ओढूनच नेलं. मैदान पोरांनी भरलेलं. बाबा स्टेजकडं पाठ करून मांडवाच्या गाठी तपासत होते आणि नावं ठेवत होते. भूपेंद्र आणि नागेश वर आले. दिवे गेले आणि सगळं मैदान एका दमात ओरडलं, "आता?"

बाबा दचकून वळले. "हे पोट्टे काऊन ओरडून राह्यले?"

मी सांगितलं. बाबा पडदा कापत होते तेव्हाच ताराचंदनं रेकॉर्डिंगचं यंत्र चालू करून ठेवलं होतं. अल्बमची सुरुवात गिटारीनं होत नाही, बाबांच्या 'आता?'नं होते. भूपेंद्रनं ते कापू दिलं नव्हतं.

"माहा आवाज हाय त्याच्यात?"

"हो बाबा. आणि ऐका, भूपेंद्र म्हणे की तुमी नसते तं..."

"चूप बस तू," बाबा म्हणाले आणि स्टेजकडं पुढं सरकले. "ऐकू दे मले."